बारावीनंतर सोलापुरातच कॉलेज करायचंय? फॉर्म भरण्यापासून डिग्री हातात पडेपर्यंत काय काय करायचं

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओळखीतल्या घराघरात एकच विषय चालू होतो, पोराला पुण्याला पाठवायचं का इथंच घालायचं. मी बीकॉम सोलापुरात केलंय, आता एका टॅक्स कन्सल्टंटकडं कामाला आहे आणि जून-जुलैमध्ये पेठेतल्या पोरापोरींचे फॉर्म भरून द्यायला बसतो, त्यामुळं दोन्ही बाजूची घरं मी जवळून बघितलीत. माझं मत असंय की बीए, बीकॉम, बीएस्सी, बीबीए, बीसीए असलं काही करायचं असेल तर पहिली डिग्री आपल्या गावात करणं लई फायद्याचं आहे, फक्त इथं राहून जो पैसा आणि जो वेळ वाचतो तो कशात घालायचा हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं पाहिजे. ते ठरवलं नाही तर तीन वर्षं कट्ट्यावर निघून जातात.

इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलची प्रवेश प्रक्रिया वेगळी असते, ती यात नाही.

१. आधी घरी बसून हिशोब मांडा

कॉलेजच्या फीकडं बघून निर्णय घेऊ नका, फी हा खर्चाचा छोटा भाग असतो. आई-वडिलांना शेजारी बसवा, एक वही घ्या आणि पुण्याचा पूर्ण खर्च लिहा: कॉट बेसिसवर रूम, तिचं डिपॉझिट, मेस, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ते बाहेरचं खाणं, बस-मेट्रो, दर सणाला सोलापूरला येणं-जाणं, आजारी पडलात तर दवाखाना. हे सगळं महिन्याचं काढून दहा महिन्यांनी गुणा आणि मग तीन वर्षांनी. समोरच्या पानावर सोलापूरचा खर्च लिहा.

दोन्ही आकड्यातला फरक लिहा आणि त्याच्याभोवती पेनानं गोल काढून ठेवा. हाच पैसा तुमचा आहे असं समजा. त्यातून टॅली-जीएसटीचा कोर्स होतो, चांगला लॅपटॉप येतो, सीएची नाहीतर स्पर्धा परीक्षेची फी भरता येते, आणि डिग्रीनंतर दोन वर्षं मोठ्या शहरात मास्टर्स करायचं असेल तर त्याची सोय होते. बरीच घरं पहिल्या तीन वर्षांतच सगळी पुंजी रूमभाड्यात घालवून बसतात आणि खरी गरज मास्टर्सच्या वेळी लागते तेव्हा कर्ज काढतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

"सोलापुरातच राहून काय करणारेस बे" असं मित्र म्हणतील. म्हणू द्या.

२. कॉलेजच्या नावाआधी कोर्स आणि तुकडी बघा

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. एकाच कॉलेजात एकाच बीकॉमच्या दोन प्रकारच्या तुकड्या असू शकतात, एक अनुदानित म्हणजे ग्रँटची आणि दुसरी विनाअनुदानित म्हणजे नॉन-ग्रँटची. शिक्षक बऱ्याचदा तेच, परीक्षा तीच, डिग्रीवर शब्दही तोच, पण फीमध्ये मोठा फरक. ग्रँटच्या जागा मेरिटवर आधी भरतात. म्हणून फॉर्म भरतानाच ऑफिसात सरळ विचारा, "ही ग्रँटची तुकडी का नॉन-ग्रँटची, आणि वर्षाची एकूण फी किती?" एकूण म्हणजे परीक्षा फी, लॅब फी, डेव्हलपमेंट फी सगळं धरून. पहिल्या हप्त्याचा आकडा सांगून बोळवण करतात, ती ऐकून उठू नका.

बीबीए आणि बीसीएचं वेगळं आहे. 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम या कोर्सना राज्याची सीईटी आहे, तिची नोंदणी बारावीच्या निकालाच्या बरीच आधी होते. निकाल लागल्यावर "आता बीसीए करतो" म्हणणारी पोरं दरवर्षी अडकतात. कॉम्प्युटरकडंच जायचं असेल तर आपल्याकडं बीएस्सी ईसीएस म्हणजे एन्टायर कॉम्प्युटर सायन्स आहे, सोलापुरात बऱ्याच घरात कोणीतरी ईसीएस केलेलं असतंच, त्यांना गाठून सिलॅबस दाखवायला सांगा.

कॉलेज स्वायत्त आहे का विद्यापीठाच्या सिलॅबसवर चालणारं आहे हेही विचारून घ्या. स्वायत्त कॉलेज सिलॅबस आणि परीक्षा स्वतः घेतं, डिग्री मात्र विद्यापीठाचीच मिळते. स्वायत्त ठिकाणी सिलॅबस लवकर बदलतो, निकालही बऱ्यापैकी लवकर लागतो. पण बाजारातली गाईडं तिथं चालत नाहीत, लेक्चरला बसावंच लागतं.

आणखी एक, काही संस्थांना भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा असतो. आपल्या गावात कन्नड आणि तेलुगू बोलणारी इतकी घरं आहेत की हा मुद्दा बऱ्याच जणांना लागू पडतो. तुमच्या शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा काय लिहिलीय ते आज रात्रीच बघा. घरात तेलुगू आणि दाखल्यावर मराठी असं असेल तर त्या कोट्यातून जागा मागताना अडचण येते.

३. कागदपत्रं निकालाच्या आधीच गोळा करा

एक प्लास्टिकची फाईल घ्या, त्यात खालच्या क्रमानं लावा, मूळ कागद मागं आणि प्रत्येकाच्या किमान पाच झेरॉक्स पुढं:

- दहावी आणि बारावीचं मार्कशीट
- शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू असला पाहिजे
- पासपोर्ट फोटो, सगळीकडं एकच फोटो वापरा
- रहिवासी म्हणजे डोमिसाईल दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, नाहीतर ईडब्ल्यूएस
- शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- दुसऱ्या बोर्डातून किंवा परराज्यातून आला असाल तर मायग्रेशन (विजापूर, इंडी, कलबुर्गीकडून येणाऱ्यांनी हे विसरू नये)
- स्वतःच्या नावाचं बँक पासबुक

उत्पन्नाच्या दाखल्यावर वैधतेची तारीख असते, बऱ्याचदा 31 मार्चपर्यंतच. त्यामुळं जानेवारीत काढलेला दाखला जूनमध्ये चालत नाही, एप्रिल उजाडला की नवीन काढा. नॉन-क्रिमीलेयरवरची तारीखही अशीच वाचून घ्या. हे सगळे दाखले आपले सरकार केंद्रातून निघतात, आणि निकालानंतरच्या आठवड्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते.

नावाचं स्पेलिंग. आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं, बँकेत तिसरं, असं निम्म्या फॉर्ममध्ये सापडतं मला. मार्कशीटवर जसं आहे तसंच आधार आणि बँकेत करून घ्या, कारण मार्कशीट दुरुस्त करणं सगळ्यात किचकट आहे.

जात वैधतेचा अर्ज अजून केला नसेल तर आजच करा. वडील, आजोबा, चुलते यांच्या शाळेच्या नोंदी शोधण्यात वेळ जातो. ज्यांच्या घरात कुणाकडं आधीच वैधता आहे त्यांनी त्याची प्रत जोडली की काम बरंच सोपं होतं.

४. फॉर्म, मेरिट लिस्ट आणि फी

एकाच कॉलेजवर बसू नका, किमान तीन ठिकाणी फॉर्म भरा. दयानंद, संगमेश्वर, वालचंद ही जुनी नावं सगळ्यांनाच माहीत आहेत, त्यामुळं मेरिटही तिथं वर जातं. घराजवळचं एखादं नवीन कॉलेज यादीत ठेवा. मेरिट लिस्ट वेबसाईटवर येते तशी बोर्डावरही लागते, आणि लिस्टमध्ये नाव आलं की फी भरायला दोन-तीन दिवसच मिळतात. त्या दिवसांत गावाला, लग्नाला जायचं नाही. मुदत गेली की जागा पुढच्या नंबरला जाते आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी ऑफिसच्या हातात काही नसतं.

मूळ मार्कशीट तपासून परत द्यायची असतात, ती तिथं ठेवून घरी येऊ नका. दाखला मात्र मूळ जमा होतो. म्हणून जिथं नक्की शिकायचं आहे तिथंच दाखला द्या, आणि देण्याआधी रंगीत स्कॅन काढून स्वतःच्या मेलवर टाकून ठेवा. फीची पावती तीन वर्षं जपायची. रोख घेऊन पावती "नंतर देतो" कुणी म्हणालं तर तिथंच उभं राहा.

५. स्कॉलरशिप: यावर सगळ्यात जास्त वेळ घाला

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून भरायच्या असतात. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांच्या मॅट्रिकोत्तर म्हणजे दहावीनंतरच्या योजना वेगवेगळ्या आहेत, प्रत्येकीची उत्पन्नाची अट बघून घ्या. खुल्या प्रवर्गातल्यांनी "आपल्याला काय मिळणार" म्हणून सोडून देऊ नका, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा 8 लाख आहे. त्यालाच कॉलेजात अजून ईबीसी म्हणतात.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, ती महाडीबीटीवर सापडत नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची असते. आई विड्या वळत असेल तर तिचं विडी कामगाराचं ओळखपत्र काढून ठेवा. आपल्या गावात इतक्या बायका हे काम करतात, आणि तरी त्यांच्या पोरांना या योजनेचं नाव कॉलेजात कुणी सांगत नाही. तुम्हाला लागू नसेल तर शेजारच्या घरात तरी सांगा. वडील बांधकामावर असतील तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का ते विचारा, नोंदीत कामगारांच्या मुलांना मंडळाकडून शिक्षणासाठी मदत मिळते.

आता अडकतं कुठं ते सांगतो:

पहिलं, बँक खातं. पासबुकवरचा नंबर भरून भागत नाही, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का" असं याच शब्दांत विचारा. केवायसी झालीय म्हणजे सीडिंग झालंय असं नाही. लहानपणी उघडलेल्या आणि बंद पडलेल्या खात्याला आधार जोडलेलं असेल तर पैसे तिकडं जायला बघतात आणि परत फिरतात.

दुसरं, फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला क्लार्क तपासून पुढं पाठवतो, मग समाजकल्याण किंवा त्या त्या विभागाकडं. एखादी त्रुटी निघाली की फॉर्म परत तुमच्याकडं येतो आणि मेसेज येईलच याची खात्री नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघायची सवय लावा. परत आलेला फॉर्म मुदतीत दुरुस्त केला नाही की वर्ष गेलं.

तिसरं, दरवर्षी रिन्यूअल भरावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

क्लार्कशी नीट वागा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या खिडकीत एक माणूस आणि समोर शंभर पोरं असतात. फाईल क्रमानं लावलेली असेल, नाव, वर्ष, योजना कागदावर लिहून नेलेली असेल, तर काम दोन मिनिटांत होतं. "सर, माझा फॉर्म बघा की" म्हणत फोन पुढं धरला आणि त्यात नेटच नाही, असं झालं की परत रांगेत.

६. येणं-जाणं

मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूर, मंद्रूप, वळसंगकडून रोज येणाऱ्यांनी एसटीचा विद्यार्थी पास काढायचा, त्यात 66.67 टक्के सवलत आहे. कॉलेजचं बोनाफाईड लागतं. मुलींनी तिकिटाशी तुलना करून बघावी, कारण महिलांना 2023 पासून तिकीट तसंच अर्धं आहे, पण रोजच्या प्रवासाला पासच स्वस्त पडतो.

बीकॉमची लेक्चर्स बऱ्याच ठिकाणी सकाळी लवकर असतात. तुमच्या गावची पहिली गाडी किती वाजता सोलापूर स्टँडवर येते ते बघूनच शिफ्ट निवडा. सायन्सवाल्यांनी प्रॅक्टिकलची बॅच ठरतानाच सरांना सांगायचं की मी बाहेरगावचा आहे, शेवटची गाडी अमुक वाजता आहे. सुरुवातीला सांगितलं तर बॅच बदलून मिळते, नंतर नाही.

७. पहिल्या वर्षाचा गोंधळ: क्रेडिट, मेजर, मायनर

नवीन शैक्षणिक धोरण बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि बाकीच्यांत 2024-25 पासून लागू झालं, त्यामुळं मोठ्या भावाचा, ताईचा अनुभव इथं पूर्ण चालत नाही. थोडक्यात असं: एका सेमिस्टरला साधारण 22 क्रेडिट, क्रेडिट म्हणजे प्रत्येक पेपरला दिलेलं वजन. एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय, शिवाय दुसऱ्या शाखेतला एक ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा एखादा पेपर, भाषा. तीन वर्षांनी डिग्री, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. एक वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन थांबायची सोय आहे, घरची अडचण आली तर केलेली वर्षं वाया जात नाहीत. क्रेडिट जमा व्हायला अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचा आयडी लागतो, तो डिजिलॉकरमधून पहिल्याच महिन्यात काढा.

ओपन इलेक्टिव्ह मित्रानं घेतला म्हणून घेऊ नका. बीएवाल्यानं अकाउंटचा बेसिक पेपर, बीकॉमवाल्यानं कॉम्प्युटरचा, असा पुढं कामाला येणारा घ्या. अंतर्गत मार्कांच्या असाईनमेंट आणि टेस्ट सोडल्या तर शेवटच्या परीक्षेत कितीही लिहा, ग्रेड खाली येतेच.

८. गावातल्या कॉलेजचा खरा फायदा वसूल कसा करायचा

वर्गाची पटसंख्या कितीही असली तरी रोज येणारी पोरं मोजकीच असतात. पहिल्या दोन बाकांवर महिनाभर बसलात की सर नावानं ओळखतात. आमच्या कॉस्टिंगच्या सरांकडं लेक्चर संपल्यावर आम्ही चार-पाच जण स्टाफरूममध्ये जायचो. सर डबा बाजूला सारून वहीच्या मागच्या पानावर प्रोसेस अकाउंट मांडायचे, अ‍ॅबनॉर्मल लॉस कुठल्या बाजूला जातो ते मला पेन हातात देऊन लिहायला लावायचे, चुकलं की खोडून परत. क्लासची फी भरूनही असलं शिकवणं मिळत नाही. पुढं नोकरीसाठी शिफारसपत्र लागलं तेव्हा त्याच सरांनी दिलं, आणि त्यात माझ्याबद्दल खरं लिहिता आलं कारण त्यांना मी माहीत होतो.

ऑन-जॉब ट्रेनिंग आता अभ्यासक्रमातच आहे. सर्टिफिकेटवर नुसता शिक्का मारून देणारा ओळखीचा दुकानदार गाठू नका. गावातले असल्याचा फायदा इथंच आहे, चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, गणवेश शिवणारं युनिट, सीएचं ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, कुठं ना कुठं काकांची, मामांची ओळख निघते. जाऊन खरंच काम करा. एक्स्पोर्टची बिलं, जीएसटी रिटर्न, स्टॉक रजिस्टर हाताखालून गेलं की इंटरव्ह्यूमध्ये बोलायला काहीतरी असतं.

घरी अभ्यासाला जागा नसेल, आणि एका खोलीत पाच माणसं असतील तर ती नसतेच, तर कॉलेजची अभ्यासिका आणि हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत बसून परीक्षेची तयारी होत नाही.

एनसीसी असेल तर पहिल्या वर्षीच नाव घाला, नंतर घेत नाहीत. सी सर्टिफिकेटवर सैन्यात अधिकारी व्हायला स्पेशल एंट्री आहे. घरची ओढाताण असेल तर कमवा आणि शिका योजना आपल्या कॉलेजात आहे का ते प्राचार्यांच्या ऑफिसात विचारा, लाजू नका.

९. दुसऱ्या वर्षीच पुढची उडी ठरवा

एमपीएससी, यूपीएससीला कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिग्री चालते, सोलापूरची आणि पुण्याची एकाच रांगेत. मास्टर्सला मोठ्या ठिकाणी जायचं तर परीक्षा द्यायच्या: एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी, राज्याच्या एमबीए, एमसीए आणि तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटी. या परीक्षांत कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. बीकॉमला 55 टक्के पडले तर सीएला फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी करता येते, बाकी शाखांना ही अट 60 टक्क्यांची आहे. तयारी तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सुरू करणारे मागं पडतात. दुसरं वर्ष संपलं की लागा. हिशोबाच्या वहीत गोल काढून ठेवलेला आकडा आता काढा आणि कुठल्या क्लासला, कुठल्या शहराला किती ते ठरवा.

मास्टर्सच्या वयात बाहेर गेलेली पोरं मी बघतो, त्यांना काय शिकायचंय ते पक्कं माहीत असतं, स्वयंपाक येतो, पैसा कळतो. अठराव्या वर्षी गेलेल्यातली काही छान निभावतात, काही पहिल्याच वर्षी घर आठवून नाहीतर संगतीनं मागं पडतात.

१०. निकालानंतर आणि कॉलेज सोडताना

2004 च्या आधी आपला जिल्हा शिवाजी विद्यापीठात होता, एका मार्कशीटच्या दुरुस्तीला कोल्हापूर गाठावं लागायचं. आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ केगावला आहे, पुणे रोडवर, सिटी बसनं जाता येतं. ही सोय वापरा. मार्क कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, सरांना दाखवा, मगच रिव्हॅल्युएशनला टाका, आणि मुदत मोजक्या दिवसांची असते म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नोटीस वाचा. स्वायत्त कॉलेजवाल्यांनी हे स्वतःच्या परीक्षा विभागात करायचं. एटीकेटी राहिली तर तिचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, रेग्युलर फॉर्ममध्ये ती आपोआप येत नाही.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की सहाही सेमिस्टरची मार्कशीट, दाखला आणि पासिंग सर्टिफिकेट एकदमच घ्या, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशनचा अर्ज त्याच दिवशी टाका. लायब्ररीचं पुस्तक बाकी असेल तर नो ड्यूज मिळत नाही आणि बाकी सगळं अडतं, म्हणून आधी पुस्तकं परत करा.